एरर आला म्हणून हार्डडिस्क साफ करायला सांगू नका

प्रति,
संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरवर पेनड्राईव्हने नवीन सिस्टिम कशी टाकायची यावर लेख आला होता. लेख वेळेवर आला यात वादच नाही, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) पाहिजे, इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा पाहिजे, म्हणजे आपल्याकडं अडत दुकानात, शाळेत, सोसायटीच्या ऑफिसात जी मशीनं चालू आहेत त्यातली बरीचशी या अटीत बसतच नाहीत, आणि मग लोक एकतर भंगारवाल्याला फोन लावतात नाहीतर स्वतःच काहीतरी खटपट करायला घेतात. खटपट करणाऱ्यांसाठी लेख चांगलाच.

पण त्यात एक वाक्य असं होतं की पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही. 'इन्स्टॉल करताना डिस्कचा एरर आला तर सगळी पार्टिशन डिलीट करून पुढे जा.' पार्टिशन म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग, ते डिलीट केले की त्यातलं सगळं गेलं. साहेब, असं सांगू नका हो लोकांना!

हा एरर कधी येतो ते आधी बघा. गणपती पेठेतल्या एका हळदीच्या अडतीवरचे दिवाणजी तुमचं ते पान घडी करून खिशात आणि सीपीयू काखेत घेऊन माझ्या दुकानात आले. विंडोज बिघडलेलं, अडतीच्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागतं म्हणून त्यांच्या भाच्याने पेनड्राईव्ह बनवून विंडोज १० च परत टाकायला घेतलं, आणि पार्टिशन निवडायच्या पायरीला गाडं अडलं. खाली पिवळ्या त्रिकोणाशेजारी मेसेज, की या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टिमवर फक्त जीपीटी डिस्क चालते. (एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कवर पार्टिशनची यादी लिहायची जुनी आणि नवी पद्धत, ईएफआय म्हणजे यूईएफआयच, ते काय ते पुढं सांगतो.) भाचा डिलीट दाबायच्याच बेतात होता, पण दिवाणजी म्हणाले, "थांब बाबा, डी मधी समद्या पट्ट्या हायत, मालक जीव घेतील." डी ड्राईव्हला शेतकऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या हिशोबपट्ट्या, आणि २०१९ च्या महापुरात गोडाऊनमधी पाणी शिरलं त्याच्या पंचनाम्याचे फोटो. बॅकअप? दिवाणजी नुसते हसले.

मी काय केलं, तर फार काही नाही. मशीन रीस्टार्ट केलं, बूट मेनू उघडला. तिथं त्यांचा एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसत होता, एका ओळीत नुसतं कंपनीचं नाव आणि दुसऱ्या ओळीत तेच नाव पण आधी 'यूईएफआय' आणि दोन टिंबं. भाच्याने दुसरी ओळ निवडली होती, मी पहिली निवडली. सेटअप परत चालू झाला, सी ड्राईव्ह निवडला, एरर गायब. डी ला हातसुद्धा लावला नाही. तुमच्या लेखाप्रमाणं केलं असतं तर विंडोज टाकून झालं असतं हे खरं, पण पट्ट्या गेल्या असत्या आणि मग पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याकडं हेलपाटे.

आता हे असं का होतं ते लेखात यायला पाहिजे होतं, चार ओळी तरी. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आलंय हे आपल्या सांगलीत शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, पण आपल्या घरातला कॉम्प्युटर बायोसवर चालतो का यूईएफआयवर हे विचारलं की इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हायच्या आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला जो प्रोग्रॅम जागा होतो तो फर्मवेअर. जुना प्रकार बायोस, १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला. त्याला फाईल, फोल्डर असलं काही कळत नाही. तो डिस्कचा किंवा पेनड्राईव्हचा सगळ्यात पहिला सेक्टर उचलतो, ५१२ बाइट, त्यातल्या शेवटच्या दोन बाइटवर ठरलेली खूण आहे का बघतो, आणि असली की डोळे झाकून तिथला कोड चालवतो. त्या ५१२ मधले ६४ बाइट पार्टिशनच्या यादीचे, चार नोंदी, बास. हाच एमबीआर. चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन का होत नाहीत आणि २ टीबीच्या वरची डिस्क त्याला पुरती का वापरता येत नाही याचं उत्तर या एवढ्याशा जागेतच आहे.

यूईएफआयचं काम वेगळं. इंटेलने ते सर्व्हरसाठी सुरू केलं, २००५ ला सगळ्या कंपन्यांनी मिळून त्याचा फोरम काढला आणि विंडोज ८ च्या काळापासून ते आपल्या घरात आलं. याला फॅट३२ (डिस्कवर फाईली मांडायची एक पद्धत) पार्टिशन वाचता येतं. पेनड्राईव्ह लावला की ते त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर शोधतं, त्याच्या आत 'बूट', आणि त्याच्या आत 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' नावाची फाईल. सापडली तर चालवतं, नाही सापडली तर तो पेनड्राईव्ह त्याच्या लेखी रिकामाच. पहिल्या सेक्टरात तुम्ही काय लिहून ठेवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मधल्या काळातल्या, साधारण २०१२ च्या पुढच्या बऱ्याच बोर्डांत दोन्ही असतं, म्हणजे यूईएफआयच्या पोटात बायोसची नक्कल, त्याला सीएसएम म्हणतात, बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, म्हणजे सेटअपमध्ये, 'लेगसी' या नावानं दिसतं. आणि सगळा घोळ या दोन्ही असणाऱ्या मशीनातच होतो, कारण ज्या वाटेनं पेनड्राईव्ह बूट झाला त्याच वाटेनं विंडोज इन्स्टॉल होतं. डिस्क जुन्या पद्धतीची आणि बूट नव्या वाटेनं झालं की वरचा एरर. उलटं झालं तरी तेच, फक्त मेसेजमधी एमबीआरच्या जागी जीपीटी.

म्हणून काहीही करायच्या आधी, जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तोवरच, विंडोजचं बटण आणि आर दाबून तिथं 'एमएसइन्फो३२' टाईप करायचं, खिडकी उघडते, त्यात 'बायोस मोड' अशी ओळ असते, तिच्यापुढं लेगसी आहे का यूईएफआय ते कागदावर लिहून घ्यायचं. एवढं केलं की निम्मी कटकट तिथंच मिटली. ज्यांना डेटा न घालवता जुन्या पद्धतीवरनं नव्यावर जायचंच आहे त्यांच्यासाठी विंडोज १० मध्येच, १७०३ आवृत्तीपासून, 'एमबीआर२जीपीटी' म्हणून टूल आहे, पण बोर्डात यूईएफआय असलं पाहिजे, डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत आणि जुन्या काळी पाडलेले लॉजिकल डी, ई असले की ते टूल सरळ नकार देतं. आणि बॅकअप घेऊनच, हे सांगायला नको.

आता पेनड्राईव्हचं. लेखात रुफसचा (पेनड्राईव्ह बनवायचा प्रोग्रॅम) फोटो होता आणि 'स्टार्ट दाबा' एवढंच. रुफस उत्तम आहे, मी पण तेच वापरतो, पण त्यातला 'पार्टिशन स्कीम' हा रकाना म्हणजेच सगळा विषय आहे. जीपीटी निवडलं की खाली आपोआप फक्त यूईएफआय येतं, तो पेनड्राईव्ह जुन्या बायोसच्या मशीनवर चालायचा नाही. लिनक्सच्या बहुतेक आयएसओला (सिस्टिम टाकायची अख्खी फाईल) एमबीआर निवडलं की खाली 'बायोस किंवा यूईएफआय' येतं आणि एकच पेनड्राईव्ह दोन्हीकडं चालतो. विंडोजच्या आयएसओला मात्र रुफस सहजासहजी दोन्ही देत नाही, एकच बाजू घ्यायला लावतं, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे, दिवाणजींच्या भाच्यासारखा घोळ तरी होत नाही. विंडोजला दोन्हीकडं चालणारा पाहिजे असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया क्रिएशन टूल वापरावं, ते फॅट३२ मध्ये दोन्हीला चालेल असा करून देतं.

इथं अजून एक अडचण, फॅट३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही आणि विंडोजच्या डाऊनलोड केलेल्या आयएसओमधली 'इन्स्टॉल डॉट विम' आता बहुतेक वेळा त्याच्यावर जाते. म्हणून नुसतं कॉपी-पेस्ट करून पेनड्राईव्ह बनवणारे अडकतात. मग कुणी पेनड्राईव्ह एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) करतं, पण बऱ्याच मशीनांच्या यूईएफआयला एनटीएफएस वाचता येत नाही. रुफस यावर तोड म्हणून शेवटी एक छोटंसं वेगळं पार्टिशन टाकतं, त्यातला प्रोग्रॅम आधी सुरू होतो आणि तो एनटीएफएस वाचतो. ते चिमुकलं पार्टिशन बघून 'हे काय नको ते' म्हणून उडवणारे महाभाग पण आमच्याकडं येतात. मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये तीच फाईल जास्त दाबून भरलेली असते, 'ईएसडी' नावाने, म्हणून ती फॅट३२ मध्ये मावते.

दुरुस्तीवाल्यांना किंवा शाळेच्या सरांना मी सरळ व्हेंटॉय सुचवेन. एकदा पेनड्राईव्हवर टाकायचं, मग त्यात आयएसओ फाईली नुसत्या कॉपी करायच्या, गाण्याच्या करतो तशा. बूट केलं की यादी येते, पाहिजे ती निवडायची. बायोस, ६४ बिट यूईएफआय, ३२ बिट यूईएफआय, सगळ्यासाठीची सोय त्या एकाच पेनड्राईव्हवर असते. टाकताना पार्टिशन स्टाईल एमबीआरच ठेवा, जुनी मशीनं त्याला जास्त निमूट ऐकतात. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर पहिल्यांदा निळी स्क्रीन येते आणि 'की' (डिजिटल किल्ली) नोंदवायला सांगते, लोक तिथं व्हायरस आला म्हणून घाबरून बंद करतात. ती एकदा नोंदवली की त्या मशीनवर परत विचारत नाही.

३२ बिट यूईएफआय म्हणालो त्याचं कारण, २०१४-१५ च्या आसपास ऑफरमधी घेतलेले २ जीबी रॅमचे छोटे लॅपटॉप आणि टॅब्लेट, प्रोसेसर ६४ बिटचा पण फर्मवेअर ३२ बिटचं, आणि लेगसी बऱ्याचशात नाहीच. त्यांना 'बूटआयए३२ डॉट ईएफआय' ही फाईल लागते, बऱ्याच आयएसओत ती नसतेच, म्हणून कितीही पेनड्राईव्ह बदलले तरी उपयोग होत नाही.

तासगावच्या पुढं एका गावात शाळेची कॉम्प्युटर लॅब बघायला गेलो होतो. कपाटाएवढ्या खोलीत ओळीनं मशीनं, काही कुणीतरी देणगी दिलेली जुनी, काही नंतर आलेली, सगळ्यावर शिवलेली कापडी कव्हरं, आणि सरांनी निम्म्यांवर खडूने फुली मारलेली. फुली म्हणजे मेलेली. सर म्हणाले, "एकच पेनड्राईव्ह हितं चालतोय आन् शेजारच्यावर नाही, मग मशीनच गेलं म्हणायचं की." फुलीवाल्या पहिल्या मशीनला पेनड्राईव्ह मेनूत दिसतच नव्हता, तो जीपीटीचा होता आणि मशीन निव्वळ बायोसचं. दुसऱ्याला काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात नुसती रेघ उघडझाप करत होती, म्हणजे बायोसने पेनड्राईव्ह बघितला, पण पुढं चालवायचा कोडच धड नव्हता. तिसऱ्याला लाल चौकट, सिक्युअर बूटने अडवलेलं.

आणि बाकीच्यांची तर गंमतच, पेनड्राईव्हचा संबंधच नव्हता. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, संपलेला. तिकडं लाईट गेली की मशीनची तारीख कुठल्या कुठं मागं जायची आणि सेटअपमधलं लेगसीचं सेटिंग उडून यूईएफआयवर यायचं, डिस्कवरची सिस्टिम लेगसीची, मग बूट होणारी डिस्कच नाही असा मेसेज. सेल बदलला, सेटिंग परत लावलं, मशीनं चालू. पन्नास रुपयाच्या आतला सेल हो! त्याच्यासाठी खडूची फुली आणि पुढं लिलाव.

सिक्युअर बूटबद्दल दोन शब्द, कारण त्यावर तुमच्या लेखात 'बंद करून टाका' एवढंच आहे. बंद करायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, नवीन लॅपटॉपना तो आपोआप चालू असतो, सेटिंग बदललं की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि ती मायक्रोसॉफ्टच्या अकाऊंटमधी असते, जे अकाऊंट दुकानदाराने विकताना कुणाच्या तरी नावानं काढलेलं असतं. आणि बंद करायची दरवेळी गरज पण नाही, उबुंटू, डेबियन (२०१९ च्या १० पासून) हे सिक्युअर बूट चालू ठेवून बूट होतात. अजून एक, यासाठी मायक्रोसॉफ्टने २०११ ला दिलेली जी सर्टिफिकेटं जुन्या मशीनांत आहेत त्यांची मुदत २०२६ मध्ये संपत्ये, जूनपासून सुरुवात. मुदत संपली म्हणून चालू मशीन बंद पडत नाही, उगाच फॉरवर्ड फिरवू नका. पण नुसती २०२३ च्या नवीन कीने सही केलेली आयएसओ आली की ज्या मशीनला नवीन सर्टिफिकेटं मिळालेली नाहीत तिथं सिक्युअर बूट चालू असेल तर ती अडेल. तेव्हा परत 'मशीन मेलं' म्हणणारे येणार हे मला आत्ताच दिसतंय.

बूट मेनूच्या बटणांचं लेखात 'एफ१२ दाबा' एवढंच होतं. डेल, लेनोव्हो, गिगाबाईटला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि डेस्कटॉप बोर्डाला एफ८, एमएसआयला एफ११, एसरला एफ१२ पण ते आधी सेटअपमधी जाऊन चालू करावं लागतं. दाबून पण काही होत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप आडवं येत असतं, शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. आणि जुन्या डेस्कटॉपला निळा यूएसबी पोर्ट सोडून मागचा काळा वापरा, जुन्या बायोसला निळा पोर्ट कधी कधी विंडोज सुरू होईस्तोवर दिसतच नाही.

आता नवीन मशीनांची उलटी गोष्ट. इंटेलने २०१७ लाच सांगून टाकलं होतं की २०२० पर्यंत सीएसएम काढणार, त्यामुळं आत्ताच्या बऱ्याच लॅपटॉपात लेगसी हा पर्यायच नाही. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांकडं दहा वर्षापूर्वी बनवलेला, चेहऱ्यावरचा छाप पुसलेला जो लाडका पेनड्राईव्ह असतो तो इथं चालत नाही, आणि गिऱ्हाईकाला सांगतात की लॅपटॉप लॉक करून आलाय, कंपनीतच न्यावा लागेल. असं सांगून पैसे घेतलेले पण बघितलेत मी याच शहरात, नाव घेत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात, ते डिलीटचं वाक्य चूक आहे असं छापा, कोपऱ्यात बारीक नको. सोबत 'आधी बायोस मोड बघा, बूट मेनूत पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर जो मोड आहे तीच ओळ निवडा' एवढं आलं तरी कुणाच्या तरी पट्ट्या वाचतील. शाळांच्या सरांनी प्रत्येक मशीनच्या कॅबिनेटवर कागद चिकटवून लेगसी का यूईएफआय, बूट मेनूचं बटण कुठलं आणि सेल कधी बदलला हे लिहून ठेवावं, खडूच्या फुलीपेक्षा ते बरं.

पत्र लांबलंय, काटछाट करायला हरकत नाही, फक्त दिवाणजींचा भाग कापू नका. आणि कुणाला दोन्हीकडं चालणारा पेनड्राईव्ह करून पाहिजे असेल तर दुकानात घेऊन या, पैसे घेणार नाही, १६ जीबीचा चालतो, पण त्यातले लग्नाचे फोटो आधी दुसरीकडं काढून ठेवा, कारण तो फॉरमॅट होणारच.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला वाचक
(नाव छापू नये)
विश्रामबाग, सांगली